वारुळातली मेंढरं

बिरूच्या गाण्यातली कथा वारुळापाशी पोचली आणि नेमक्या त्याच वेळी बन्सीधर मास्तरांना घोड्याच्या टापा ऐकू आल्या.

सेलूबाहेर किशनरावांच्या रानात कापूस वेचून झाला होता आणि खतासाठी धनगरांची मेंढरं बसवली होती. दिवस नुकताच बुडालेला. त्या धनगरांतल्या बिरूने ढोलावर सुंबरान मांडलं होतं, म्हणजे देवाच्या स्मरणाने मेंढरांच्या जन्माची कथा लावली होती, आणि सरकारी शाळेतले बन्सीधर मास्तर घोंगडीवर बसून ती उतरवून घेत होते. मास्तरांना असल्या गाण्यांचं भारी वेड. माणसं जमवायची तर आधी निजाम सरकारची परवानगी लागते, हे मात्र त्या वेडाच्या भरात ते साफ विसरले होते.

ठाण्याचे फौजदार, अमीनसाहेब, घोड्यावरून उतरले नाहीत.

"क्या हो रा है इधर? जल्सा?"

"गानं हाय, साहेब," बिरू म्हणाला. "मेंढरांचं."

अमीनसाहेबांनी मास्तरांचा कागद मागून घेतला. मोडी अक्षर. त्यांना वाचता यायचं फक्त उर्दू. कागद उलटासुलटा करून पाहिला, पण त्यातून काही निघेना.

"मास्टर, खाते सरकार का, और जंगल में लोगां जमा करते?" ते म्हणाले. "यात मेंढरं किती न सियासत किती, ते ऐकू दे मला. म्हण रे."

सियासत म्हणजे राजकारण, हे मास्तरांना वेगळं सांगावं लागलं नाही. नोकरी तर गेलीच, पण एकदा ठाण्यात नेलेला माणूस घरी कधी परतेल याचा त्या दिवसांत काही नेम नव्हता.

बिरूने थाप दिली. मागे मुंजाजी झांज धरून उभा होता, त्याने सूर ओढला. पृथ्वी झाली, पाणी झालं, बिरोबा आला, रानात वारूळ उठलं, वारुळाच्या पोटात मेंढरं कोंडली गेली आणि दारात नाग बसला...

"ठहरो. बिरोबा कोण? राहतो कुठं?"

"देव हाय, साहेब. आमचा." बिरूने पुन्हा थाप दिली. पृथ्वी झाली, पाणी झालं.

"अरे, ते झालं की. पुढचं म्हण."

"तसं जमत न्हाई, साहेब. मदी तुटलं की पुन्यांदा पयल्यापासून. अर्ध्यात सोडलं तर मेंढरं आतच गुदमरत्यात."

मास्तरांना हे चांगलं ठाऊक होतं. लिहिण्याच्या नादात 'थांब थांब' म्हणून त्यांनीही बिरूला पृथ्वीपाशी परत धाडलं होतं आणि मुंजाजीच्या शिव्या खाता खाता राहिले होते. आता ती पाळी अमीनसाहेबांची होती. कथा वारुळापाशी आली की त्यांच्या डोक्यात काहीतरी किडा वळवळायचा. हाताच्या एका खुणेने ते ढोल थांबवायचे आणि बिरू निमूटपणे पृथ्वीपासून निघायचा.

एकदा तर ते घोड्यावरून खाली वाकले. आवाज एकदम बारीक झाला होता.

"मेंढरं कोंडलीत. दारात नाग बसलाय. हा नाग म्हणजे कोण? नाव सांग त्याचं."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आता हा भोळा गडी काय बोलून बसेल याची त्यांना धडकी भरली.

"नाग म्हंजे नाग," बिरू म्हणाला. "त्याला काय नाव ऱ्हातंय, साहेब?" आणि पृथ्वी झाली, पाणी झालं.

घोडं कंटाळून पाय आपटायला लागलं. शेवटी अमीनसाहेबांनीही हात टेकले.

"बस, बस. सियासत नई इसमें. गाओ तुमचं गाना." कागद मास्तरांच्या मांडीवर टाकून त्यांनी घोडा वळवला.

मास्तरांच्या जिवात जीव आला. बिरूला कडकडून मिठी मारावी असं त्यांना वाटलं. मुंजाजीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तो त्यांनी घटाघट तोंडाला लावला. हसू आवरेना, म्हणून अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

तेवढ्यात टापा पुन्हा जवळ आल्या.

मुंजाजीने झांज खाली ठेवली. मास्तरांनी तांब्या तोंडापासून खाली घेतला. अमीनसाहेब मघाच्याच जागी येऊन थांबले. मास्तरांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"ती मेंढरं," ते बिरूला म्हणाले आणि जरा खाकरले. "निघाली का शेवटी बाहेर?"

बिरूने डोकं खाजवलं. "ते आसं मदीच सांगता येत न्हाई, साहेब."

अमीनसाहेबांनी लगाम सैल सोडला. मग रिकिबीतून पाय काढून खाली उतरले. मास्तरांनी सरकून घोंगडीवर जागा केली.