मोहरीचं पाणी

बाबांनी मोहरीची पूड कालवलेलं पाणी जमिनीवर आखलेल्या चौकोनात ओतलं. मिनिटभरात माती उकळल्यासारखी हलू लागली. कातडी भाजलेली गांडुळं वर आली आणि सापासारखे फटकारे मारत एकमेकांवर आपटू लागली. बाबांनी एकाला चिमटीत धरलं, तर ते स्वतःची शेपटी तोडून निसटलं. तुकडा त्यांच्या बोटांत वळवळत राहिला.

"हरामखोर!" बाबांनी बूट आपटून ते चिरडलं.

एरवी अंगावर मुंगी चढली तरी फुंकर मारून उडवणारा माणूस. जंगलाच्या मातीतले जीव मोजण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. ते आकडे सांगायचे, लेक वहीत उतरवायची. ती शाळेत असल्यापासूनची ही रीत.

"लिही. गांडुळं, एकशे बारा. गोम, शून्य. पैसाकिडा, शून्य. उड्या मारणाऱ्या बारीक किडी..." त्यांनी भिंगातून चिमूटभर माती न्याहाळली. "तीन. पूर्वी एवढ्यात पन्नास सापडायच्या. या परक्या मुलखातल्या गांडुळांनी आल्या जावयासारखा सगळा पाचोळा हादडला. बाकीच्यांना ना छप्पर उरलं, ना घास."

"पण आली कुठून?" तिने विचारलं. दरवेळी विचारायची. विचारलं नसतं तर त्यांना संशय आला असता.

"आली कसली? कुणीतरी गळाला लावायला आणली असणार, उरली ती इथे फेकली. सापडू दे तो एकदा, हीच बादली पाजतो त्याला." ते हसले. तीही हसली.

निघताना त्यांनी तिला बूट ब्रशने घासायला लावले. "तळव्याला एक अंडं चिकटलं ना, तर दुसरं जंगल गेलंच म्हणून समज."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच बूट घालायला वाकलेले बाबा पुन्हा सरळ झाले नाहीत.

तीन आठवड्यांनी पुढच्या मोजणीचा दिवस आला. "त्यांचा चौकोन राहिलाय गं," आई एवढंच म्हणाली.

ती एकटीच गेली. पाणी ओतलं. माती उकळली. तिने फावडं उचललं आणि घातलं. पुन्हा घातलं. चिखल, मुळं, तुकडे तोंडावर उडत राहिले. हात भरून आले तेव्हाच ती थांबली. तुकडे अजून वळवळत होते.

मांडीवर वही उघडली. आकडे सांगणारं कुणी नव्हतं.

"लिही," ती म्हणाली. "गोम, शून्य. पैसाकिडा, शून्य."

पेन थांबलं.

"बाबा, गळाच्या गांडुळांचा तो डबा माझा होता. बारा वर्षांची होते मी. गळाला टोचवेना मला. म्हणून इथे आणून सोडली. म्हटलं, जगतील बिचारी."