बचतीचा रकाना

"बारा बायका," दुर्गाबाईने ठासून सांगितलं. "वर्साचं तीनशे दिवस. लिवा ताई."

कादंबरीने टॅबवरून मान वर केली. साडीवर पुरुषी शर्ट चढवून जलपर्णीत कमरेपर्यंत उतरलेल्या बायका होत्या सहा. सातवी ही समोर, काठावरच्या दगडावर बसून साडीचा ओचा पिळत होती.

"बाकीच्या कुठे आहेत?"

"जेवाया गेल्यात."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. कादंबरीने वाद घातला नाही.

पुलापलीकडे खराडीत, काचेच्या एका इमारतीत बसून ती तीन महिने एकच हिशोब मांडत होती. इथल्या ओढ्यातून साबणाचं आणि मोरीचं पाणी नदीत उतरतं, त्यात फॉस्फरस असतो आणि जलपर्णी त्याच्यावरच पोसते. ओढ्याच्या तोंडाशी टाकी बांधून तो अडवायचा, तर वर्षाला खर्च किती आणि फायदा किती? औषध, वीज, गाळ उचलणं धरून खर्चच जड भरत होता, आणि खर्च जड असला की टाकी होत नाही, टाकीची फाइल होते. फायद्याच्या बाजूला शेवटचा एक रकाना उरला होता: जलपर्णी काढण्याच्या मजुरीची बचत.

बारा बायका, तीनशे दिवस. तिने आकडे टाकले. पहिल्यांदाच फायदा वर गेला. थोडासाच, पण गेला. तिला इतका आनंद झाला की ती चक्क हसली.

ते पाहून दुर्गाबाईही हसली. "म्हंजी आता आमास्नी कायम करत्यात न्हवं? एवढ्या बायका, एवढं दिवस. करायाच पायजे."

कादंबरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साहेब बघतील" एवढं म्हणून उठता आलं असतं. ती उठली नाही.

"मावशी, हे कायम करण्यासाठी नाही. पाणी सुधारलं तर जलपर्णी वाढणार नाही. मग तुमची मजुरी वाचेल, असं मी लिहिलंय. जितक्या बायका जास्त, तितकी बचत जास्त."

दुर्गाबाईने पिळलेला ओचा पुन्हा पिळला.

"पानी खरंच सुधरंल?"

"सुधारेल."

"मग सुधरू दे की. खाजंनं रातीला डोळा लागत न्हाई." ती थांबली. "पर आमचा रोज बुडनार, त्यो खर्चात कुठं धरलाय?"

कुठेच धरला नव्हता. कादंबरीने विजेच्या खाली एक नवी ओळ घातली. बचतीत धरलेली मजुरी खर्चातही आली की फायदा पुन्हा खाली जाणार, हे तिला दिसत होतं. तरी तिने विचारलं, "किती बायका लिहू?"

या वेळी दुर्गाबाईने घाई केली नाही. ती नदीकडे वळली आणि एकेकीला हाक मारायला लागली. शालू. कल्याणी. आनंदीबाई. प्रत्येक हाकेला जलपर्णीतून एक डोकं वर होत होतं आणि "ओ" येत होती. सहा हाका झाल्या.

"सात," ती म्हणाली. "मला धरून."