आम्ही इथं राहतो

अलाबामातल्या आमच्या गल्लीला खेटून काउंटीचा कचरा डेपो येणार होता. व्हर्नेलनं कॉलेजच्या निबंधाला हाच विषय घेतला. गुरुवारच्या जाहीर सुनावणीतही ती तोच वाचणार होती. पण प्राध्यापकांकडून निबंध पुन्हा लाल होऊन परत आला. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी तिनं ‘आम्ही इथं राहतो’ असं लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यावर रेघ मारून शेरा होता, ‘हे आधी सांगून झालंय.’

चरफडत तिनं ती सगळी वाक्यं काढून टाकली. उरलं विहिरीचं पाणी, वाऱ्याची दिशा, मुलांचा दमा; मुद्द्यामागून मुद्दा. मग स्वयंपाकघरात बसून तिनं निबंध वडिलांना वाचून दाखवला. वडील म्हणजे आमचे रेव्हरंड टॉलिव्हर. रविवारी त्यांचं प्रवचन बोलता बोलता गाणं होऊन जातं आणि फिरून फिरून येणाऱ्या ओळीला ‘आमेन’ म्हणत अख्खं चर्च पायानं ताल धरतं. ते डोळे मिटून ऐकत होते. परिच्छेद संपला की त्यांचा हात मांडीवर थाप द्यायला वर जायचा आणि तसाच राहायचा.

"मुद्दे बिनतोड आहेत गं," शेवटी ते म्हणाले. "पण गुरुवारी तुझ्या मागं सगळी गल्ली बसणार. आपल्या चर्चच्या सिस्टर युलाला तर गप्प बसवतच नाही, तुला ठाऊक आहे. आम्ही ‘आमेन’ म्हणायचं कुठं?"

व्हर्नेलनं कागद टेबलावर आपटले.

"त्याच जागा खोडल्यात त्यांनी, डॅडी."