ठिपकी मेंढीसाठी गाणं

"बटण दाबायलाच विसरलीस, आई."

मिशीलनं हेडफोन काढून मांडीवर टाकले. अख्खं गाणं झालं होतं आणि फोनमध्ये त्यातला एक सूरही नव्हता. दुलमानं फोनकडे असं पाहिलं, जणू त्यानंच गाणं गिळलं होतं.

"मला वाटलं, तोंड उघडलं की आपोआप घेतो तो."

"फोन आहे तो, कुत्रा नाही. हाक मारली की यायला."

बाहेर वसंतातला पिवळा वारा सुटला होता. त्या खोऱ्यातला वारा असा, की दारात मारलेली हाक पलीकडच्या खोऱ्यातली कुत्री ऐकायची आणि घरातल्या माणसाला पत्ता नसायचा. मेंढ्या विण्याचे दिवस होते. त्यात ठिपकी मेंढी पहिलटकरीण. आपल्याच कोकराला हुंगायची आणि लाथ मारायची. अशा मेंढीला दोरीनं बांधून, जवळ बसून गावं लागतं. 'तोइग, तोइग' म्हणत, मऊ आवाजात, तिचं मन वळेपर्यंत. तिथल्या प्रत्येक बाईची चाल आपापली. दुलमाची तिनं स्वतः तरुणपणी बांधलेली. त्या चालीवर एकदा एक बोकडही पान्हावला होता, असं तिचा नवरा गोम्बो शपथेवर सांगायचा.

आता दुलमाचा घसा खरवडून निघाला होता. "मला रेकॉर्ड करायला शिकव," ती लेकीला म्हणाली होती. "एकदा भरून ठेवलं की गोठ्यात फोन गाईल आणि मी जरा पडेन. नाहीतर ते कोकरू जातंय बघ."

मिशील उलानबातर शहरात लग्नाच्या व्हिडिओंचा आवाज नीट करून द्यायची. बाळंत होऊन माहेरी आली, तेव्हा बाळ तिनं दारातच आईच्या हातात दिलं आणि तंबूच्या लोकरी नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तेव्हापासून त्याला शिवली नव्हती. पान्हा येऊन सदरा भिजायचा. बाळ मात्र दुलमाच्या अंगरख्यात, शेळीच्या दुधावर. "मला काहीच वाटत नाही गं त्याच्याबद्दल," ती एकदाच म्हणाली. दुलमानं तिला खारा चहा ओतून दिला. पण शेळीचं दूध बाळाला मानवत नव्हतं. बाळ रोज थोडं हलकं लागत होतं. दुलमाच्या हातांना कळत होतं ते.

चुकीचं काम बघून मात्र मिशील उठून बसली होती.

दुसऱ्या वेळी दुलमानं फोनला जोडलेला माइक ओठांना चिकटवला. "आई, तोफा उडतायत. हातभर लांब धर." मग तिनं तो चुलीशेजारी ठेवला; गाण्यापेक्षा शेण्यांची तडतड जास्त. मग कुत्रं भुंकलं. मग बाळ रडलं.

"त्याला बाहेर ने ना."

"या वाऱ्यात? संध्याकाळपर्यंत चीनमध्ये सापडेल."

मिशीलच्या ओठाचा कोपरा हलला. हसू म्हणावं इतकंही नाही.

"हे बरं झालंय. ठेवू?"

"शेवटी आवाज फाटला. मेंढीला कळतं."

"मेंढीला?"

"माणसाला फसवता येतं गं. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. इतकी सोपी गोष्ट न जमणारी बाई मिशीलनं जन्मात पाहिली नव्हती. दर वेळी काहीतरी बिघडायचं. आणि काय बिघडलं ते शोधायला मिशीलला हेडफोन घालून, डोळे मिटून, सगळं पहिल्यापासून ऐकावं लागायचं. अगदी कानाशी, आईचा थकलेला श्वास. तोइग, तोइग. घे गं, तुझंच आहे. तोइग.

चुलीतला जाळ उतरला. दुलमाच्या पाठीला रग लागली होती आणि आवाजाची नुसती कुजबुज उरली होती. अंगरख्यात बाळ कुरकुरायला लागलं. ती गात राहिली. मिशीलचे डोळे मिटलेले होते. सदरा पुन्हा भिजला होता.

"इकडे दे त्याला," ती चिडल्यासारखी म्हणाली. "तुझा अंगरखा खसखसतोय. सगळं माइकमध्ये येतंय."

दुलमानं गाणं न मोडता बाळ पुढं केलं, चहाची वाटी द्यावी तसं, दुसरीकडे बघत. बाळानं तोंड फिरवून शोधलं. मिशीलनं हेडफोन कानांवर नीट दाबून घेतले. मग तिनं सदरा सोडला.

तेवढ्यात दार आपटून उघडलं. मिशांत धूळ घेऊन गोम्बो वाऱ्यासकट आत आला.

"म्हातारे, अजून गातेयस?" तो वाऱ्याच्या वरताण ओरडला. "ठिपकी तर परवापासून कोकराला पाजतेय! तूच नाही का तिची दोरी सोडलीस?"

दुलमानं त्याच्यावर डाव उगारला. पण उशीर झाला होता. माइक चालू होता आणि म्हाताऱ्याचा शब्द न् शब्द हेडफोनमधून थेट मिशीलच्या कानात गेला होता.

मिशीलनं मान वर केली नाही. बाळाच्या डोक्यावर ठेवलेला हातही हलवला नाही.

"दार लावा, बाबा," ती म्हणाली. "आई, तू थांबू नकोस."