दुसऱ्या गिअरवर अडलेली गाडी

दुरुस्तीनंतरही आपली जुनी ऑटोमॅटिक गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना, तेव्हा निवृत्त बसचालक सुलभाताई मोहित्यांना युनूस मेकॅनिकचाच संशय आला.

"माझ्यासमोर चालव," त्या म्हणाल्या.

युनूसने गाडी चढावर नेली. सगळे गिअर अलगद पडले. मग सुलभाताई चालवायला बसल्या आणि गाडी पुन्हा अडली.

"तूच काहीतरी करून ठेवलंयस."

"नाही ताई. ऑइल स्वच्छ आहे, गिअरबॉक्स ठणठणीत आहे. हिच्यातला कॉम्प्युटर पेडलवरून चालवणाऱ्याचा पाय पारखतो. तुमचा थरथरतोय, म्हणून तो पुढचा गिअर टाकत नाही."

"ते पारखणं बंद कर."

"करतो. पण आधी पाय बघा."

पाय बारीक हलत होता. त्यांनी गुडघा दाबून धरला, तरी थांबेना.

त्या उतरल्या आणि युनूसला स्टिअरिंगवर बसवून स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

"दवाखान्याकडे घे."