आधी राज्याचं कोर्ट

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत काचेपलीकडे सलीलने फोन उचलला आणि आईचा चेहरा पाहूनच विचारलं, "नाही म्हणाले?"

"तसं नाही रे," कुमुदताई घाईने म्हणाल्या. "फेडरल कोर्ट म्हणतं, ही नवी साक्ष आधी राज्याच्या कोर्टापुढे मांडा. तिथल्या सगळ्या पायऱ्या संपल्या, की मग आमच्याकडे या."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून."

"हो. पण खून झाला तेव्हा तू त्याच्या दुकानात होतास, हे सांगायला तो दुकानदार आता तयार आहे ना."

सलीलवर खटला उभा राहिला तेव्हा चिपळूणहून आलेली आई इथे ओहायोत, लेकीच्या घरी राहून, म्हातारी झाली होती. तिकडे बाबा वारले तेव्हाही ती गेली नव्हती, कारण त्याची सुनावणी तोंडावर आली होती. नंतर ती सुनावणीच पुढे ढकलली गेली.

"आई, तू घरी जा आता. अर्जाचं वकीलबाई बघतील."

हे तो दर भेटीत म्हणायचा आणि दर भेटीत ती रागवायची. तुला घेतल्याशिवाय पाऊल उचलणार नाही, म्हणायची.

आज तिने चष्मा काढून डोळे पुसले. "बरं," ती म्हणाली. "गुडघे फार दुखतात रे. जाते."

सलीलने काचेला तळहात टेकवला.

"लगेच नको गं," तो म्हणाला. "पुढच्या भेटीनंतर जा."