दोरी सख्ख्याच्या हाती

गहिनीनाथने कमरेला दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक बहिणीच्या हातात दिलं.

"झटक्यांच्या खुणा ध्यानात हायेत ना?"

"हायेत, दादा. तू बिनघोर जा," भागिरथी म्हणाली.

धरणाच्या दरवाजातून पाणी गळत होतं. नव्वद फूट खाली जाऊन रबरी पट्टी बसवायची होती. काठावर कॉम्प्रेसर धडधडत होता आणि त्याची नळी गहिनीनाथच्या मास्कला जोडलेली होती. दोरीला लाल चिंध्यांच्या तीन गाठी होत्या. पाणबुड्यांच्या या घराण्यात एक नियम होता: दोरी सख्ख्याच्याच हातात द्यायची. परक्याचा काय भरवसा!

दोन वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, भागिरथीचा नवरा कोंडीराम इथंच उतरला होता. तेव्हा दोरी त्याच्या मेहुण्याच्या, म्हणजे गहिनीनाथच्या हातात होती. बहिणीच्या नवऱ्याला भाऊ जपणार नाही तर कोण? त्या दिवशी मोठ्या साहेबांना काम पुरं झालेलं बघून शिर्डीची दुपारची आरती गाठायची होती. कोंडीराम वर आला, त्याने एक विडी ओढली आणि अर्ध्या तासात त्याचे दोन्ही पाय गेले. तेव्हापासून तो खाटेवरच होता.

"वात हाय त्याला. आधीपासूनच हुता," गहिनीनाथने सगळ्यांना सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. डोलवायला काय जातं?

त्या दिवशी पाण्यात काय घडलं, ते कोंडीरामने बायकोला एकदाच सांगितलं होतं. दोन वर्षं ती त्याचं हगणं-मुतणं काढत होती. भावाला एका शब्दाने बोलली नव्हती, पण त्याचं तोंड दिसलं की तिच्या अंगाची आग व्हायची.

सव्वा तासाने दोरीला तीन झटके आले. काम झालं, वर घे. भागिरथी ओढू लागली. नवा इंजिनियर प्रवीण कठड्यावरून वाकून बघत होता.

पहिली गाठ पाण्याबाहेर आली आणि दोरीला खालून एक झटका बसला.

"हे काय?" प्रवीणने विचारलं.

"जीव घाबरलाय त्याचा, सायब."

"मग ओढा की! बघता काय?"

दोन मजूर धावले. दुसऱ्या गाठीला पुन्हा झटका आला. तिसऱ्या गाठीला तर दोरी हातातून निसटतेय की काय असं झालं. भागिरथीच्या तळहाताची सालटं निघाली, पण तिने हात थांबवले नाहीत.

गहिनीनाथ वर आला. मास्क फेकून तो पुन्हा पाण्याकडे झेपावला.

"सोडा! खाली जाऊ द्या मला!"

"धरा त्यांना! भ्रमिष्ट झालेत!" प्रवीण ओरडला. मजुरांनी त्याला गच्च धरून ठेवलं.

"बाई, तुम्ही होता म्हणून वाचले हे," प्रवीण म्हणाला. "बहीण असावी तर अशी."

चहा आला. गहिनीनाथने कप घेतला नाही. तो नुसता मांड्या चोळत होता. थोड्या वेळाने उठायला गेला आणि जागीच कोसळला.

"एक झटका म्हंजी गाठीवर थांब!" तो किंचाळला. "दहा दहा मिंटं थांब! खोलातनं एकदम वर वढलं की पाय जात्यात! तुला म्हाईत हुतं, भागे!"

प्रवीणने चमकून भागिरथीकडे पाहिलं. ती दोरीची वेटोळी घालत होती.

"वात हाय त्याला, सायब," ती म्हणाली. "आधीपासूनच हुता."